मुलींच्या मुतारीमागचा निळा कॅन

मित्रांनो, आधीच सांगतो, नाक मुरडू नका. मी पन्नास लिटरचा एक जुना निळा कॅन आहे आणि माझ्या पोटात लघवी आहे. हो, माणसांचीच. आपली कथा सांगावी की नाही, याचा मी फार दिवस विचार केला. शाळेची घंटा बोलली तर शोभते. माझं कोण ऐकणार? पण काल दुपारी जे घडलं, त्यानंतर मला राहवत नाही. सांगताना कुठे घसरलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिकच्या नळीत हवा फुंकली आणि मी साच्यात फुग्यासारखा फुगलो. पहिली दोन वर्षं मी संगमनेरला, नाशिक–पुणे रस्त्यावरच्या एका हॉटेलात काढली. माझ्यात भांडी घासायचा पातळ साबण असायचा. मी स्वच्छ होतो, सुवासिक होतो आणि खरं सांगायचं तर थोडा गर्विष्ठही होतो. मग एके दिवशी धरायचा माझा एक कान तुटला आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथे वर्षभर पत्र्यांच्या आणि मोडक्या सायकलींच्या ढिगात पालथा पडून होतो. उन्हाने अंग फिकं पडलं. आपलं काम संपलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिथून मला सविताबाईंनी उचललं. सविताबाई पारनेर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवतात. त्यांनी मला धरून चार कॅन निवडले, धुऊन घेतले आणि एसटीत चढवले.

"बाई, तुपाचे डबे का काय?" कंडक्टरने विचारलं.

"रिकामे आहेत हो."

"मग भरनार काय?"

"खत," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

मला काहीच कळलं नव्हतं. शाळेत आल्यावर कळलं, आणि खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साबणाचा कॅन मी! आणि आता हे?

त्या शाळेत अठ्ठावीस मुली आहेत. त्यांच्यासाठी मुतारी होती, पण तिला रोज चार बादल्या पाणी लागायचं. वाडीला प्यायलाच पाणी टँकरने येतं, तिथे मुतारीत कोण ओतणार? वास सुटला आणि दाराला कुलूप लागलं. मुली घायपाताच्या कुंपणामागे जायच्या, नाही तर जायच्याच नाहीत. जायला लागू नये म्हणून पाणीच प्यायच्या नाहीत. सातवीतली आरती सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळी परतेपर्यंत एक घोटही घ्यायची नाही. एकदा परिपाठाच्या रांगेत ती चक्कर येऊन पडली, तेव्हा सविताबाईंच्या डोक्यात हे शिरलं. त्यांनी मुतारीत सिमेंटचा उतार करून घेतला, नळी बसवली आणि नळीचं दुसरं टोक माझ्या तोंडात दिलं. पाणी ओतायचंच नाही. मी भरलो की झाकण घट्ट लावायचं, बाजूला सरकवायचं आणि पुढचा भाऊ नळीखाली ठेवायचा. एक महिना मुरलं की एका भागाला दहा भाग पाणी घालून पिकाच्या मुळाशी द्यायचं. युरियात जे असतं तेच यात असतं, असं बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं.

वाडीवर काय हसू झालं म्हणून सांगू! शाळा समितीचे अध्यक्ष हनुमंतराव तर पोट धरून हसले.

"बाई, गोमूत्र म्हनला असता तर कॅनला हार घातला असता आमी. हे आपलं कसलं?"

तेव्हा माझ्या बाजूने एकच माणूस बोललं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या लंकाबाई. हातात पळी, पदर खोचलेला.

"का वो भावजी? गाय कडबा खाती तर तिचं चालतं, अन् पोरी भाकर खात्यात तर त्येंचं चालत न्हाई व्हय?"

"वैनी, तुमी खिचडीकडं बघा. करपायली."

"माझी खिचडी कवाच करपत न्हाई. तुमची जीभ तेवढी करपायली."

सगळे हसले, हनुमंतरावही हसले. मग ते गंभीर झाले. "हे बघा, दोन वाफे मका करा. एकाला हे घाला, एकाला घालू नका. फरक दिसला तर ऱ्हाऊ द्या मुतारी. न्हाई दिसला तर परत कुलूप. शाळेच्या आवारात वास नकोय मला."

परसबागेतल्या वाफ्यांचं सगळं लंकाबाईंकडेच असतं. आमचंही त्यांच्याकडेच आलं. बाईंनी त्यांना तीनदा सांगितलं, "मावशी, झाकण उघडायचं नाही." लंकाबाईंनी तीनदा मान डोलावली.

आणि मित्रांनो, इथे ती चूक झाली. मी तिचा साक्षीदार आहे आणि तेव्हा गप्प राहण्यावाचून माझ्या हातात काही नव्हतं.

लंकाबाईंच्या घरी जीवामृत करतात. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पिंपात कालवायचं, गोणपाट झाकायचं आणि सकाळ-संध्याकाळ लिंबाच्या काठीने ढवळायचं. ढवळलं नाही तर ते नासतं. लंकाबाईंनी हे वीस वर्षं केलं आहे. त्यांना वाटलं, खत ते खत. बाई शहरातल्या, त्यांना मुरवण्यातलं काय कळणार? मी भरून बाजूला सरकलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लिंबाची काठी घेऊन आल्या, माझं झाकण काढलं आणि मला ढवळायला लागल्या. डोळ्यांतून पाणी आलं तसा नाकाला पदर लावला, पण थांबल्या नाहीत.

"मुरायलंय, मुरायलंय," त्या समाधानाने म्हणाल्या.

मला जाणवत होतं. माझ्यातला जो तिखट जोर होता, तो प्रत्येक ढवळण्याला भपकन बाहेर पडून घायपातावरून उडून जात होता. मावशी, थांबा! मी आतल्या आत ओरडत होतो. मला वाटे, माझ्याऐवजी कुणी शहाणा कॅन असता तर त्याने निदान आडवं तरी पडून दाखवलं असतं. महिनाभर हे चाललं, सकाळ-संध्याकाळ, चौघांनाही. शेवटी शेवटी तर वासही येईनासा झाला, आणि लंकाबाई खूश झाल्या.

मग आम्हाला पाणी घालून मक्याला दिलं. पंधरा दिवस गेले, पंचवीस गेले. दोन्ही वाफे सारखेच! फरक बोटभरही नाही.

समिती वाफ्यांच्या कडेलाच उभी राहिली. हनुमंतराव या वाफ्याकडे बघत, मग त्या वाफ्याकडे. या वेळी ते हसले नाहीत, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"बाई, तुमची तळमळ दिसती मला. पन बोली ती बोली. सोमवारी कुलूप लावू."

सविताबाईंचा चेहरा उतरला. "माझंच काहीतरी चुकलं असणार," त्या हळूच म्हणाल्या. व्हरांड्यात मुली उभ्या होत्या. आरती खांबाला धरून खाली बघत होती.

लंकाबाई पळी घेऊन तशाच उभ्या. त्यांच्या चेहऱ्यावरून एक एक विचार सरकताना मी पाहिला. त्या आतापर्यंत पुस्तकी बाईंना मनातून थोडं हसत आल्या होत्या. साऱ्या वाडीत जीवामृत करावं तर लंकाबाईंनी, असं नाव होतं. आता सगळ्यांसमोर बोलायचं म्हणजे ते नाव आपल्याच हाताने पुसायचं. आणि न बोलावं, तर कुलूप पोरींवर.

"बाईंचं चुकलं न्हाई," त्या एकदम म्हणाल्या. "मी ढवळलं."

"काय ढवळलं?"

"ह्ये. रोज. दोन टाइम. लिंबाच्या काठीनं. बाई नगं म्हनल्या हुत्या. मला वाटलं, मला जास्त कळतं." त्यांनी पळी खाली ठेवली. "पयल्यांदा डोळ्यातनं पानी यायचं. शेवटी वासच ऱ्हायला न्हाई. मला वाटलं, मुरलं झ्याक."

मी श्वास रोखून धरला होता. रिकामा कॅन जेवढा धरू शकतो तेवढा.

मग हनुमंतरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अवं वैनी! युरिया उघड्यावर टाकला अन् पानी न्हाई दिलं तर काय हुतं?"

"उडून जातो."

"मग तुमी महिनाभर युरियाची गोनी उघडी ठेवून वारा घातला की तिला!"

पहिल्यांदा कोण हसलं ते मला कळलं नाही. बहुतेक लंकाबाईच, हसता हसता त्या डोळे पुसत होत्या. सविताबाई तर पळतच माझ्याकडे आल्या आणि माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे जोर त्या वासातच होता, मावशी! तुम्ही सांगितलं नसतं तर मला जन्मात कळलं नसतं."

"अजून एक डाव देतो," हनुमंतराव म्हणाले. "दिवाळीच्या सुट्टीआधी बघू. अन् वैनी, ती काठी चुलीत घाला."

पुन्हा मका पेरला. पुन्हा आम्ही भरलो. या वेळी लंकाबाईंनी झाकणाच्या आट्यांत जुन्या ट्यूबची रबरी चकती बसवली आणि दोन्ही हातांनी पिळून बंद केलं. कुणी जवळ आलं तर त्या लांबूनच ओरडायच्या, "हात लावायचा न्हाई!" महिन्याने उघडलं तेव्हा असा भपका आला की त्या दोन पावलं मागे सरल्या आणि आनंदाने टाळी वाजवली. एक तांब्या माझ्यातला, दहा तांबे पाणी. मुळाजवळ चर काढून त्यात ओतायचं, लगेच माती लोटायची. पानावर एक थेंब नाही.

आणि काय सांगू मित्रांनो! सात-आठ दिवसांत एक वाफा काळाभोर हिरवा झाला. रोज सकाळी मी बघायचो आणि माझा माझ्यावरच विश्वास बसायचा नाही. हे माझ्यामुळे? माझ्या पोटातल्या त्या गोष्टीमुळे?

काल दुपारी समिती आली. एक वाफा हनुमंतरावांच्या गुडघ्याच्या थोडा वर, पिवळट. दुसऱ्यात ते शिरले तर मका छातीला लागला. त्यांनी एक पान हातात धरलं, उलटसुलट पाहिलं. खाली वाकून माती हुंगली. वास नव्हता. मग ते उभे राहिले आणि भिंतीपाशी रेंगाळणाऱ्या मुलांकडे बघून गरजले, "ए! तुमी भिंतीवर काय वाया घालवताय रे? बाई, पोरांची नळी कवा जोडताय?"

मुतारी राहिली! मुली लाजल्या, टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. पण मधल्या सुट्टीत मी पाहिलं, माठापाशी रांग लागली होती. आरती दोन पेले पाणी प्यायली. न थांबता.

मित्रांनो, मला शिकवण देण्याचा अधिकार आहे की नाही, मला ठाऊक नाही. फार तर एक विनंती करतो. तुमच्या शाळेत मुलींच्या मुतारीला कुलूप असेल तर ते का आहे, एवढं विचारा. भंगारात माझ्यासारखा एककानी कॅन दिसला तर त्याला लाथ मारू नका, धुऊन बघा. आणि ज्याने काम बिघडवलं तोच पुढे येऊन बोलला, तर त्याच्यावर रागावू नका. लंकाबाई बोलल्या नसत्या तर आज मी पुन्हा ढिगात असतो.

आता मी काठोकाठ भरलो आहे. लंकाबाई झाकण घेऊन येताना दिसतायत. महिनाभर मला गप्प बसायचं आहे, म्हणून घाईत सांगितलं. पलीकडे त्यांनी तिसरा वाफा खणून ठेवलाय, मुलांचा.