चिखल गिळणाऱ्या म्हातारीची गोष्ट

मी एक जुनी, सुरकुतलेली, समुद्राच्या चिखलातली कीड आहे. मुरडलीत ना नाकं? मुरडा, मित्रांनो. मलाही तुमची किळस येते. दोन पायांवर तोल सांभाळत चालता, काय तो अवतार!

तरुणपणी मी एवढी लांब होते, की शेपटीला चिमटा काढला तर डोक्याला दुसऱ्या दिवशी कळायचं. खोटं वाटतं? बरं, संध्याकाळपर्यंत तरी कळायचंच.

काम एकच. चिखल खायचा नि मागून त्याची वेटोळी वर टाकायची. मेलेलं शेवाळ, माशांची शी, कुजकी पानं, हे माझं जेवण. बिळात अंग हलवत राहिलं की वरचं ताजं पाणी खाली ओढलं जातं. त्यातल्या हवेवर बिळाच्या भिंतीतले, डोळ्यांना न दिसणारे जीव जगतात आणि कुजकं मोडून त्याचं खत करतात. ते पाण्यात मिसळतं, त्यावर बारीक शेवाळ वाढतं, ते शिंपल्या खातात. म्हणजे तुमच्या ताटातली शिंपली माझ्या पोटातून... असो, जेवताना नको.

आमच्या खाडीत एका बाईनं शिंपल्या लावल्या होत्या. दोन वर्षं जपलेल्या, पहिलीच काढणी जवळ आलेली. एके दिवशी तिच्या दिराला टोपलीत आमच्यातली एक सापडली.

"वहिनी, शी! हे बघा काय! गिऱ्हाईक ओकेल!"

"अहो भाऊजी, आधी खाली टाका ते! माझ्या अंगावर कशाला आणताय?"

झालं. दोघांनी दाताळी घेऊन चार दिवस चिखल विंचरला. माझ्या लेकी, नाती, सगळ्या बादल्यांतून काठावर. उन्हात त्यांच्या दोऱ्या झाल्या. मी हातभर खोल होते, म्हणून वाचले.

पंधरा दिवसांत चिखल काळाकुट्ट. नासक्या अंड्यांचा वास! जन्मभर शी खाल्लेल्या मलासुद्धा मळमळलं. एकट्या म्हातारीनं किती पाणी ओढावं? शिंपल्या गुदमरून वर आल्या, तोंडं उघडी टाकून पडल्या.

बाईची सासू नाक दाबून आली. "विंचरलंत ना छान? घ्या आता वास."

"आई, सगळ्या मरतील हो! काय करू?"

"पलीकडच्या चिखलात किडे आहेत अजून. जा, घेऊन ये."

"हातानं?"

"नाही, गाडी पाठव त्यांना!"

बाईनं आणले. प्रत्येक ओंजळीला "शी! शी!" दीर काठावर दोनदा ओकला. भरतीला तेही आमच्याकडे आलं. आम्ही वाया नाही जाऊ दिलं. हळूहळू वास उतरला. निम्म्या शिंपल्या गेल्या, निम्म्या जगल्या.

ती बाई अजून मला बघून थुंकते. थुंकू दे. मित्रांनो, मला गोंजारा असं मी म्हणत नाही. तुमचा तो कोरडा हात मलाही नको. ओहोटीला चिखलावर वेटोळी दिसली तर नाक दाबा, शी म्हणा, आणि दाताळं खांद्यावरच ठेवून पुढे जा. खाली कुणीतरी जेवतंय.