खायला इकडे, प्यायला तिकडे

मी टेबल बोलतोय. खरं म्हणजे अर्धंच टेबल, पण अर्ध्यालाही सांगण्यासारखं असतंच की! माझ्या एका टोकाला दोन पाय आहेत. दुसऱ्या टोकाला पाय नाहीत, तिथे मला दगडांच्या थप्पीवर टेकवलंय. कुणी कोपर जरा जोरात ठेवलं की मी डुगडुगतो. हसू नका. मीही एकेकाळी चांगला चार पायांचा होतो.

समुद्रानं एकदा भलामोठा ओंडका किनाऱ्यावर आणून टाकला होता. दोन सख्ख्या भावांनी तो दोर बांधून वर ओढला. थोरला ओढताना समुद्राला, ओंडक्याला आणि धाकट्याला शिव्या घालत होता, आणि धाकट्याला हसू आवरत नव्हतं. सुतारानं त्या ओंडक्यातून मला घडवलं. लांबलचक, दोन्ही अंगांना बाकं, दोन कुटुंबं समोरासमोर बसली तरी कुणाचा गुडघा कुणाला लागणार नाही असा. वाळू संपते तिथे, झाडांच्या सावलीत मला मांडलं, वर झावळ्या घातल्या, आणि झाली खानावळ सुरू.

कामं आपोआप वाटली गेली होती. थोरला मासे आणायचा. माशाच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचा आणि विकणाऱ्याशी कचाकचा भांडायचा. थोरली जाऊ ते तळायची. धाकटा नारळ फोडायचा, बर्फ आणायचा. धाकटी जाऊ सरबतं करायची, अननसाचा रस काढायची.

सुट्टीवर आलेला माणूस हा एक वेगळाच प्राणी असतो हो! घरी ताट पुढे यायला जरा उशीर झाला तर आदळआपट करत असेल, पण इथे ओल्या कपड्यांनी तासभर निमूट वाट बघतो. खारं अंग, लाल झालेलं नाक, पायाला वाळू. पहिला घास खाल्ला की डोळे मिटतो. कधी नव्हे ते बायकोच्या ताटात स्वतःहून तुकडा ठेवतो. मी हे सगळं बघायचो आणि मला फार बरं वाटायचं.

पण मला खरी ओढ असायची ती पाहुणे गेल्यानंतरची. मग दोघी जावा माझ्यापाशी बसून जेवायच्या. नवऱ्यांची उणीदुणी काढायच्या, पाहुण्यांच्या नकला करायच्या, हसून हसून ठसका लागायचा. थोरली म्हणायची, "तू नसतीस ना, तर मी या माणसाला कधीच समुद्रात ढकललं असतं." आणि धाकटी म्हणायची, "ताई, मला बोलवा हं तेव्हा, मी पाय धरते."

मग एक दिवस एक पाहुणा जेवून गेला आणि त्यानं मोबाइलवर आमच्याबद्दल लिहिलं. आता लोकांना कुठे खावं, कुठे प्यावं हे जिभेला विचारायचं नसतं, मोबाइलला विचारायचं असतं. दुसऱ्या एका पाहुण्यानं ते कौतुकानं मोठ्यानं वाचून दाखवलं. लिहिलं होतं, मासा उत्तम, सरबत यथातथा.

थोरला खो खो हसला. "ऐकलंस का रे धाकट्या? माणसं येतात ती माझ्या माशासाठी. तुझं पाणी आपलं तोंड धुवायला."

चेष्टाच होती ती. पण चारचौघांत केली. धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, "मग चालव ना एकट्यानं. तिखटानं माणसं बोंबलत सुटली की कळेल, पाणी कशाला लागतं ते."

शब्दानं शब्द वाढला. कोण जास्त राबतं, कोण उन्हाचं झोपतं, सगळं निघालं. जावांनी हात जोडले, दोघांनी त्यांनाच गप्प बसवलं. आठवडा संपायच्या आत जागेची वाटणी झाली. वर अट अशी की थोरल्यानं प्यायचं काही विकायचं नाही आणि धाकट्यानं खायचं काही करायचं नाही. अशी अट शहाणी माणसं घालतील का हो?

राहता राहिलो मी. थोरला म्हणे माझं, धाकटा म्हणे माझं. मला ज्यानं बनवलं त्याच सुताराला बोलावलं. बिचारा काकुळतीला आला. "अहो, मी दुसरं करून देतो. फुकट देतो. हे नका कापायला लावू."

"कापा," दोघं एकदम म्हणाले. त्यानंतर त्यांचं कशावरही एकमत झालं नाही. करवत अंगात शिरली तेव्हा मला दुखलं, पण त्याहून जास्त दुखलं ते दोघी जावा एकमेकींचा हात धरून बाजूला उभ्या होत्या त्याचं. मी थोरल्याच्या वाट्याला आलो. मधे पत्र्याचं कुंपण उभं राहिलं आणि माझं कापलेलं टोक दगडांच्या थप्पीवर ठेवून त्याला भिडवलं गेलं.

मग जी तारांबळ उडाली ती काय सांगू! माणसं जेवायला बसायची, घसा पेटायचा, आणि सरबत मागितलं की थोरला म्हणायचा, "ते इथे मिळत नाही." पलीकडे रस पिऊन भूक खवळलेल्या पोरांना धाकटा सांगायचा, "खायला नाही इथे." एक आजोबा वैतागून म्हणाले, "अहो, खायचं इकडे आणि प्यायचं तिकडे, मग आम्ही काय पत्र्यावर बसायचं?" आणि सगळा गोतावळा घेऊन ते किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात गेले. तिथे सगळं एका छपराखाली होतं. चव नव्हती, पण भांडण तरी नव्हतं.

जावांनी त्यातूनही वाट काढली. थोरली पाहुण्याला हळूच सांगायची, "सरबत शेजारी प्या. आणि तिला विचारा, गुडघा कसा आहे." पाहुणा ग्लास घेऊन परतायचा आणि निरोप सांगायचा, "बरा आहे म्हणाल्या, पण तुम्ही जेवता का वेळेवर, असं विचारलंय." सुट्टीवर आलेली परकी माणसं, पण हे काम मोठ्या हौसेनं करायची. पुढे पाहुणेच येईनासे झाले आणि निरोपही थांबले.

थोरला खचला. बाकावर बसून समुद्राकडे बघत राहायचा. शेवटी हॉटेलवाल्यांनी जागा मागितली आणि यानं दिली. लेकीकडे शहरात राहायला जायचं ठरलं. मला कोण नेणार? अर्धं टेबल कुठल्या घरात शोभतं?

निघायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं. थोरली पदर खोचून उभी राहिली. "मी तिला भेटून येते."

"काही गरज नाही," थोरला म्हणाला.

"तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा. मी माझ्या माणसाला भेटल्याशिवाय जायची नाही." आणि ती तरातरा पुढच्या रस्त्यानं पलीकडे गेली. लगेच दोघींचं रडणं ऐकू आलं, मोठ्यानं, आडपडदा न ठेवता.

इकडे थोरला माझ्याजवळ आला. टेम्पोवाल्याला म्हणाला, "जरा थांबा, दोर सैल वाटतोय." दोर सैल नव्हता. एक हात माझ्यावर ठेवून तो पत्र्याकडे बघत राहिला. मग पुटपुटला, "येईल. इतका काही दगड नाही तो."

आणि पत्र्याच्या पलीकडे, माझ्या कापलेल्या टोकापाशी, धाकटा उभा होता. पत्र्याखालच्या फटीतून मला त्याचे पाय दिसत होते. अनवाणी आला होता, चप्पल वाजू नये म्हणून. तोही पुटपुटत होता. "एक हाक मार, दादा. नुसती हाक मार, मी आलोच."

मधे एक पातळ पत्रा. समुद्र गाजत होता म्हणून एकाचं दुसऱ्याला ऐकू गेलं नाही. दोघांचंही ऐकलं ते फक्त मी. त्या क्षणी मला जे वाटलं ते करवतीखालीही वाटलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला कसला आलाय आवाज? टेम्पोवाल्यानं भोंगा वाजवला. थोरली डोळे पुसत आली, थोरल्यानं माझ्यावरचा हात उचलला आणि टेम्पो गेला. अनवाणी पाय बराच वेळ तिथेच होते.

आता जावा फोनवर बोलतात. धाकटी इकडे येऊन माझ्यापाशी बसते आणि फोन कानाला लावते, म्हणून मला कळतं. थोरला फोनवर येत नाही. म्हणतो, सख्खा भाऊ असून तो मला बघायलासुद्धा आला नाही. धाकटी हे नवऱ्याला सांगते. तो मान खाली घालतो, पण त्या दिवशी आपण कुठे उभे होतो हे काही तोंडातून काढत नाही. परवा हॉटेलची माणसं मला उचलायला आली तेव्हा मात्र धावत आला. "ते दादाचं आहे, हात लावू नका," म्हणाला. माणसं उद्या परत येणार आहेत.

माझं काय व्हायचं ते होवो, चुलीत गेलो तरी तक्रार नाही. पण तुम्ही सुट्टी संपवून शहरात परत जाल. तिथल्या मासळीबाजारात एक म्हातारा माशाच्या डोळ्यांत बघून विकणाऱ्याशी भांडताना दिसला, तर त्याला एवढंच सांगा, की धाकटा आला होता. पत्र्याच्या पलीकडे अनवाणी उभा होता. त्याला अजून ते कुणी सांगितलेलं नाही.