पेन्सिलीचा चार

गोदूने कागदाच्या कडेचा आकडा पाहिला आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

आकडा चारचा होता. पॅसेजचं माप ऐन वेळी बदललं, ते मुकादम सदाने फोनवर ऐकून पेन्सिलीने खरडलं आणि तो जेटीवर खडी उतरवायला पळाला. आता तोच कागद हातात धरून इंजिनिअर मितेश सांगत होता, पॅसेज आठ फूट टाका. माणूस हुशार, पण शिकलेला इंग्रजीत. सदाच्या वेड्यावाकड्या मराठी चारची वरची टोकं जुळलेली. मितेशला त्यात सरळ इंग्रजी आठ दिसला.

कोळीवाड्यातल्या बत्तीस घरांसाठी नवी इमारत व्हायची होती. जुनी घरं पाडण्याआधी लोकांनी नवं घर चालून पाहावं, अशी आर्किटेक्ट आरोहीबाईंची अट. म्हणून खाडीकाठच्या मैदानात अख्खा मजला चुन्याच्या फक्कीने आखायचा होता. खोल्या, दारं, मधला पॅसेज, सगळं खऱ्या मापाचं. फक्की टाकणारी गोदू. नवऱ्याची होडी विकली गेल्यापासून वीस वर्षं ती हेच करत आलेली. मांडव्यापासून अलिबागपर्यंत शेकडो घरं तिच्या मुठीतून सांडली होती. घर कसं असावं, हे मात्र तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. फक्कीवालीला कसलं आलंय मत!

पण या इमारतीत तिचं स्वतःचं घर होतं. आणि चार फुटी पॅसेज म्हणजे काय, ते तिने बहिणीच्या घरी पाहिलं होतं. केसर पनवेलकडच्या इमारतीत राहायला गेली. दारासमोर दार, मध्ये अंधार, टेकायला वीतभर जागा नाही. वाड्यातल्या प्रत्येक भांडणात पदर खोचून पुढे होणारी बाई दोन वर्षांत मुक्यासारखी झाली. आपलंही तेच होणार, या धास्तीने गोदूला झोप लागत नसे. तिने दोरी आठ फुटांवर ताणली आणि मुकाट्याने फक्की सोडली.

ऊन उतरल्यावर बायका आल्या. गंमत अशी, की फक्कीच्या दाराशी प्रत्येकीने चप्पल काढली. नुसती रेघ ती, पण घर ते घर. इथे ओटा, इथे देव असं ठरवत त्या खोल्यांतून फिरल्या आणि मग एकेक करत सगळ्याजणी पॅसेजात येऊन बसल्या. दोन्ही बाजूंना मांडी घालून रांगा लागल्या. गोदूच्या शेजारच्या मनालीने तर कोळंबी सोलायला घेतली. डोक्यावर पाटी घेतलेली बाई मधून निवांत जाईल, एवढी वाट तरीही उरली होती.

तेवढ्यात सदा आला. त्याने टेप लावली आणि त्याचं डोकंच फिरलं. मितेशला त्याने सगळ्यांदेखत नको नको ते ऐकवलं. वरचे चार फूट काय खाडीतून आणू, असं म्हणत त्याने गोदूच्या हातात खराटा दिला आणि रेघ पुसायला सांगितली.

गोदूने खराटा हातात धरला. सदाशी वाकडं म्हणजे उद्यापासून काम बंद. पण खराटा काही खाली टेकेना.

"बाया उठल्या की पुसते," ती म्हणाली.

बाया उठल्या नाहीत. आरोहीबाई हे सगळं उभ्याने बघत होत्या. त्यांनी बूट काढले आणि मनालीशेजारी जाऊन बसल्या. मग त्यांनी बायकांनाच विचारलं, की जमीन तर वाढायची नाही, मग हे चार फूट घ्यायचे कुठून? गोदू पुढे झाली.

"आमच्याच खोल्यांतनं घ्या. या अंगानं दोन, त्या अंगानं दोन. आत नुसतं निजायचं हाय. दिवस काढायचा तो हितंच."

मनालीने कोळंबीचा हात तसाच वर केला. मग सगळेच हात वर झाले. सदाने इमारत बांधणाऱ्या मालकाला फोन लावला, आरोहीबाईंनी तो त्याच्या हातातून घेतला आणि अर्धा तास भांडून परत दिला. नंतर त्यांनी कागदावरचा आकडा खोडून शेजारी लिहिलं, अक्षरी आठ.

दोन वर्षांनी घरभरणीला मितेश पेढे घेऊन आला. खरा आकडा गोदूने पाहिला होता का, हे त्याला विचारायचंच होतं.

"चवथी शिकलेय मी," गोदू म्हणाली. "चार वळखता येतो मना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी इंजिनेर. तुमचा आठ मी कसा खोटा पाडू? पण बोलणी तुमाला खावी लागली, त्याचं वाईट वाटतं."

मितेश इतका हसला, की पेढ्यांचा डबा हातातून पडता पडता राहिला.

घरभरणीला केसरही आली होती. सकाळपासून ती पॅसेजात बसून मनालीच्या सुपातली कोळंबी सोलत होती. तोंडातून अक्षर नाही. पाहुणे पांगल्यावर गोदू तिच्याशेजारी टेकली. खाडीचा वारा या टोकाने शिरून त्या टोकाने जात होता. केसरने कोपराने तिला ढोसलं.

"सरक की तिकडं. एवढी जागा केलीस, नि बसतेस माझ्याच अंगावर!"

गोदू चार बोटं सरकली.