सुतकातली मंडळी

पाळक लिकोंग्वे आमच्या नामिटोंगो गावात चर्च उभं करायला आला, तेव्हा त्याच्या सायकलला मागे भोंगा, पुढे पुस्तकांची पेटी आणि हँडलला एक कोंबडी बांधलेली होती. कोंबडी आमच्या उतारावर सुटली आणि थेट काचिंग्वेच्या अंगणात शिरली. काचिंग्वे म्हणाला, आलीच नाही. पुढच्या दोन वर्षांत पाळकाने गावाला जे जे देऊ केलं, त्यात गावाने मनापासून स्वीकारली ती तेवढी कोंबडी.

माणूस वाईट नव्हता. गळा असा, की डोंगराच्या या अंगाला तो ‘हालेलुया’ म्हणाला की त्या अंगाला चहाच्या मळ्यातल्या बायका पानं खुडायच्या थांबत. पण आमचं गाव चिवट. त्याने उंबराखाली बाकं मांडली, भोंगा लावला. लोकांनी शेळ्या दुसरीकडे नेऊन बांधल्या. त्याने दुधाचा चहा सुरू केला, तेव्हा साठ माणसं आली. साखर संपली त्या रविवारी पाच उरली. त्या पाचांत मी एक. मला ते बाक आवडायचं, त्याला टेकायला पाठ होती.

एका मंगळवारी तो माझ्या, म्हणजे गावच्या म्हाताऱ्या गोगोच्या, पडवीत येऊन बसला.

“गोगो, रविवारी चर्चचे निरीक्षक येतायत. सिचिंगा साहेब. प्रार्थना संपेपर्यंत बसून राहिलेली पन्नास डोकी दिसली नाहीत, तर इथलं काम बंद.”

“मग तुम्ही कुठे जाल, अबुसा?” मी विचारलं. पाळकाला आम्ही अबुसाच म्हणायचो.

“बायकोच्या गावी,” असं म्हणून त्याने असा उसासा टाकला, की चुलीतली राख उडून माझ्या न्सिमात, मक्याच्या घट्ट उकडीत, पडली.

आमच्याकडे जावयाने बायकोच्या मामाकडे राबायचं असतं; त्याच्या अंगणात लाकडं आम्ही सगळ्यांनीच फोडलीत. पण लिकोंग्वेचा मामेसासरा म्हणजे निराळंच प्रकरण. याआधी दोन गावांतून हा पाळक हात हलवत परतला होता, आणि दोन्ही वेळा मामा फाटकात कुऱ्हाड घेऊन उभा होता. आता तिसऱ्यांदा परतला तर चर्चवाले त्याचा पाळकाचा पांढरा गळपट्टाही काढून घेणार होते.

“इथे निदान मला अबुसा म्हणतात,” तो म्हणाला. “तिथे मी नुसता ‘ए जावई, इकडे ये’.”

मला दया आली. मी म्हणालो, “अबुसा, या गावात माणूस शेवटपर्यंत बसतो तो फक्त मयताला. जो मयताला येत नाही, त्याच्यासाठी खड्डा कोण खणेल? खड्डा भरेपर्यंत कोणी ढुंगण हलवत नाही.”

हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? खणणाऱ्यांचा प्रमुख मीच. मयताचा ढोल वाजवायचा मी, खड्डा आखायचा मी, आणि शेवटी ‘सुतक फिटलं, उठा’ म्हणायचं तेही मीच.

“पण त्यासाठी कोणी मरायला हवं ना!” पाळक दचकून म्हणाला.

तसं म्हटलं तर नाबांदा आजी सात वर्षं मरतच होती. मी सहज विचारपूस करायला गेलो. ती छपरावर चढून गवत शाकारत होती. वरूनच ओरडली, “काय रे नाझोम्बे, लांबी मोजायला आलास? आधी तुझा नंबर!”

तिथून परतताना मला पाळकाचं एक बोलणं आठवलं. दोन वर्षं तो माझ्या मागे लागला होता, बाप्तिस्मा घ्या म्हणून. मी टाळत होतो, कारण आमच्या ओढ्याचं पाणी इतकं गार, की त्यातले खेकडे दुपारी शेकायला आमच्या चुलीपाशी येतात. पण तो नेहमी एक गोष्ट सांगायचा: बाप्तिस्मा म्हणजे पुरणंच. जुना माणूस पाण्यात पुरायचा, नवा बाहेर काढायचा.

शनिवारी मी त्याच्याकडे गेलो. “अबुसा, उद्या मला पुरा.”

त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, देवाने मला हलवलं. मी कशाला मध्ये बोलू?

रविवारी उजाडताच मी टेकडीमागे जाऊन ढोल घेतला. दर तिसऱ्या ठोक्याला मयताचं नाव पुकारायचं असतं. मी पुकारलं, “म्हातारा नाझोम्बे आज पुरायचाय! उंबराखाली या!” यात एक अक्षर खोटं नव्हतं. माझ्या मरणाचा ढोल मीच वाजवला, माझं नाव मीच ओरडलो, आणि तीन गावांत एकालाही प्रश्न पडला नाही की ओरडतोय कोण.

ऊन चढेपर्यंत उंबराखाली तीनशे माणूस जमलं. बायका डोक्यावर मक्याच्या पिठाच्या टोपल्या घेऊन रडत आल्या, पुरुष लाकडाच्या मोळ्या टाकून माना खाली घालून बसले. मी पांढरी चादर गुंडाळून जवळच्याच ओढ्याकाठच्या बोरूत लपलो होतो. तेवढ्यात सिचिंगा साहेब मोटारसायकलवरून उतरले. जाडा चष्मा, काखेत वही. समोरचा देखावा बघून त्यांनी चष्मा काढून पुसला.

“अबुसा लिकोंग्वे, पापांसाठी इतकं रडणारी मंडळी मी आजवर पाहिली नाही!”

“मीसुद्धा,” पाळक म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. बिचारा आनंदाने भोंग्यासमोर उभा राहून म्हणाला, “कोणाला साक्ष द्यायची असेल तर पुढे या!”

मयतात बोलायची आमच्याकडे रीतच आहे. काचिंग्वे डोळे पुसत उठला. “आता तो गेलाच आहे तर सांगून टाकतो. अबुसांची कोंबडी मीच कापली. नाझोम्बेने पाहिलं होतं. पण मोठ्या मनाचा माणूस, एका शब्दाने बोलला नाही. अर्धी त्याला दिली.”

पाळकाचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. मी बोरूत तोंड खुपसलं होतं.

मग माझी बायको एनेलेसी उठली. “सकाळी दोन वाडगे लापशी ओरपून गेला हो!” तिने हंबरडा फोडला. “मरायचं होतं तर वाडगा तरी धुवून मरायचास!”

आमच्याकडे मामाचं मागे राहिलेलं सगळं भाच्याचं. त्या हक्काने माझा भाचा बिसवेक आधीच माझ्या सायकलवर बसला होता आणि घंटी वाजवून बघत होता. ते मात्र मला सहन झालं नाही. मी बोरूतून बाहेर आलो.

“उतर खाली, गाढवा!”

पांढऱ्या चादरीतला मी दिसताच तीनशे माणसं एकदम उठली. पळालीही असती. पण गावप्रमुख नाकोमाबाई काठी आपटून गरजली, “बसा! खड्डा भरल्याशिवाय मयतातून उठायची पद्धत नाही. भुताला बघून नियम मोडतात होय?”

सगळे बसले. पाळकाला काय चाललंय ते कळेना. त्याने माझा हात धरला, कमरेइतक्या पाण्यात नेलं, देवाचं नाव घेतलं आणि मला बुडवलं. मी वर आलो तो सात शिंका देत. भूत शिंकत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एनेलेसीने पिठाची टोपली उचलून माझ्या ओल्या डोक्यावर उलटी केली. मी चेहऱ्याने न्सिमाचा गोळा झालो.

“जिवंत आहे मेला!”

गलका उठला. सिचिंगा साहेब वही उघडून पाळकाकडे वळले. “ही सगळी तुमचीच मंडळी ना?”

मी पाण्यातूनच जोरजोरात मान हलवली. ‘हो’ म्हण, लेका! एक ‘हो’ म्हटलं की कुऱ्हाड सुटली! पाळकाने माझ्याकडे पाहिलं, पिठाच्या टोपल्यांकडे पाहिलं. त्याला सगळं उमगलं होतं.

“नाही, साहेब,” तो म्हणाला. “माझे पाच आहेत. बाकीचे मयताला आलेत.”

“कोणाच्या?”

“या शिंकणाऱ्यांच्या.”

साहेबांनी वही मिटली. पाळकाने भोंग्याची तार काढली आणि कोपराला गुंडाळायला लागला.

“तार ठेवा खाली,” नाकोमाबाई म्हणाली. “आणि तू वर ये, नाझोम्बे. तुला पुरलं का?”

“पुरलं, बाई. नाकापर्यंत.”

“मग सुतक लागलं. लोकांनी अश्रू ढाळले, पीठ आणलं. आता ते फिटलं असं म्हणणार कोण?”

“मीच म्हणायचं असतं. पण मी तर मयत. मयताने स्वतःचं सुतक कसं फेडायचं?”

“मग खणणाऱ्यांचा दुसरा प्रमुख नेमा!” मागून बिसवेक ओरडला.

“प्रमुख मेल्यावर दुसरा नेमतात,” बाई म्हणाली. “हा पुरलाय, मेला कुठे?” तिने सगळ्यांवर नजर फिरवली. “आजवर इथे किती लोक भाषणं करून गेले. खोटं बोलून फायदा होत असताना खरं बोलणारा मी पहिल्यांदा पाहिला. हा माणूस मला गावात हवाय. म्हणून ऐका. नाझोम्बे नीट मरेपर्यंत सुतक चालू. दर रविवारी, पुरलं त्याच जागी, शेवटपर्यंत बसायचं. ज्याला यायचं नसेल, त्याने आपला खड्डा स्वतः खणायची प्रॅक्टिस करावी.”

लोकांनी पुन्हा मांड्या ठोकल्या. काचिंग्वे तेवढा पुटपुटला, “जेवण तरी असेल ना दर वेळी?”

सिचिंगा साहेबांनी वही पुन्हा उघडली, बराच वेळ पेन्सिल चावली. “रकाना कोणता भरू? विश्वासात पाच... आणि सुतकात?”

“तीनशे बारा,” नाकोमाबाईने सांगितलं. मोजलं होतं की काय कोण जाणे.

साहेबांनी तेच लिहिलं. मग चष्म्यावरून मला न्याहाळलं. “आजोबा, तब्येत कशी असते?”

“ठणठणीत!” मी म्हणालो आणि आठवी शिंक दिली.

लिकोंग्वेने धावत येऊन स्वतःचा कोट काढून माझ्या खांद्यांवर टाकला. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मला उन्हात नांगरू देत नाही, आंब्यावर चढू देत नाही, रोज सकाळी स्वतः उकडलेलं अंडं घेऊन येतो. रविवारी तीनशे माणसांसमोर पहिली प्रार्थना माझ्या छातीसाठी असते, दुसरी गुडघ्यांसाठी, आणि पाऊसपाण्याचा नंबर त्यानंतर लागतो.