नाक सरळ झालं, मग कान कुठून आले?

दुकानावरच्या त्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती आणि जो तो दुसऱ्याचं नाक न्याहाळत होता. पडद्यावर एकामागून एक फोटो झळकत होते: आधी फुगलेलं, वाकडं नाक, सरळबाबांचा अंगठा फिरल्यावर तेच सडसडीत. दर फोटोला गर्दीतून "वा वा" उठायची.

आत्याला असल्या वाहवांचा जन्मजात संशय. पण आज प्रश्न भाचीचा होता. जिन्यावरून पडल्यापासून पोरीचं नाक वाकलं होतं, एक नाकपुडी बंद, रात्री गुदमरून उठायची. सोमवारी शस्त्रक्रिया ठरली होती. पण सर्जनबाई म्हणाल्या, "श्वास बराच सुधारेल, थोडा बाक मात्र राहू शकतो." तेवढ्यावर पोरगी बिथरली आणि सोमवार रद्द करायला निघाली. इथे बाबा शंभर टक्के सरळ करून देत होते ना.

"बाळ, हाड म्हणजे हट्टी विचार," बाबा तिच्या नाकाला तेल चोळत म्हणाले. "विचार वळला की हाड वळतं."

"मग प्लास्टर घालणारे उपाशीच मरायचे," आत्या पुटपुटली.

चोळण्याआधी पुढ्यातल्या खुर्चीत तिचा एक फोटो काढला होता; चोळून झाल्यावर पलीकडच्या भिंतीशी बसवून दुसरा काढला. पडद्यावर नाक खरंच लहान आणि सरळ दिसत होतं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, श्वासपण मोकळा वाटतोय गं."

 क्षणभर आत्यालाही वाटलं, असेलही बाई. मग तिने दोन्ही फोटो पुन्हा नीट पाहिले.

"महाराज, नाक लहान केलंत, छान झालं. पण हे कान कुठून आले? आधीच्या फोटोत तर जेमतेम दिसत होते."

"अश्रद्धांना भलतंच दिसतं," बाबा हसले. गर्दीही हसली.

"असेल. तुमचाच काढून बघते." आत्याने मोबाइल बाबांच्या नाकाशी नेऊन एक फोटो काढला. मग दारापर्यंत मागे जाऊन, झूमने चेहरा तेवढाच मोठा करून दुसरा काढला. पहिल्यात बाबांचं नाक वांग्याएवढं आणि कान गडप. दुसऱ्यात नाक नीटस, कान जागेवर. पुढच्या रांगेचं हसू मावळलं.

"जवळून काढलं की नाक फुगतं, कान लपतात," आत्या म्हणाली. "शिवाय आधी दिवा बाजूला होता, सावलीने बाक वाढला. आता तो समोर आहे. बदलली ती खुर्ची आणि दिवा."

"पण श्वास?" पोरीने विचारलं.

आत्याने तिथलाच हातआरसा पुसून तिच्या नाकाखाली धरला. "तोंड मिट आणि श्वास सोड." आरशावर एकाच बाजूला वाफ धरली. "तेलाला पुदिन्याचा वास येतोय. नाकाला गार लागलं की मोकळं वाटतं. वाट बंद ती बंदच आहे, राणी."

"शंकेखोरांनी बाहेर व्हावं," बाबा कडाडले. पोरगी आरशाकडे बघत रडली आणि आत्यामागे निघाली.

आत्याने सर्जनबाईंनाही सोडलं नाही. अशा किती शस्त्रक्रिया केल्यात? भूल कोण देणार? बिघडलं तर काय? बाईंनी एकेक उत्तर दिलं आणि मनासारख्या न झालेल्या नाकांचे फोटोही दाखवले.

सोमवारी शस्त्रक्रिया झाली. सूज उतरली, किंचित बाक राहिला, आणि दोन्ही नाकपुड्यांतून हवा जाऊ लागली.

तेव्हा मंडळी, संशय जरूर घ्या, बाबाचा घ्या आणि डॉक्टरचाही घ्या. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हाती आपलं नाक देऊ नका. जो शिकलेला आहे, उत्तर देतो आणि आपल्याला काय जमणार नाही तेही आधीच सांगतो, त्याच्याकडे जा.