मी फिरत्या हॉटेलाचा वेग सांभाळतो

मी वेगनियंत्रक बोलतोय. उंच इमारतीच्या माथ्यावर एक गोल हॉटेल आहे. त्याची जमीन टेबलं-खुर्च्यांसकट हळूहळू फिरते. फिरवते खालची मोटर. तिचा वेग सांभाळणारी भिंतीवरची करडी पेटी म्हणजे मी.

कारखान्यात माझी कसून परीक्षा झाली. भार वाढवला, एकदम काढून घेतला, विजेचा दाब पाडला. मी वेग सोडला नाही. "पक्का हट्टी आहे!" इंजिनीयरबाई कौतुकाने म्हणाल्या.

इथे पाऊण तासात एक फेरी, हे माझं काम. एकदा अख्खा पहिलवानांचा संघ एकाच बाजूला बसला. मी मोटरला जास्त वीज पाजली. सूपसुद्धा हिंदकळलं नाही.

मधला गल्ला मात्र स्थिर. तिथे मालकीणबाई बसत. एकदा मालक गिऱ्हाइकाला म्हणाले, "आमच्याकडे बघण्यासारखं सगळं खिडकीबाहेरच!" बाईंनी ऐकलं आणि अबोला धरला.

मालक मग गल्ल्यालगतच्या टेबलावर बसून फिरू लागले. समोरून जाताना एखादं वाक्य जेमतेम व्हायचं.

"चिडलीस?"

उत्तर पुढच्या फेरीला. "नाही."

"मग बोलत का नाहीस?" त्याच्या पुढच्या फेरीला.

एका दुपारी बाई आपणहून म्हणाल्या, "अहो, एक सांगायचंय..." तेवढ्यात टेबल पुढे सरकलं. मालकांनी गल्ल्याची पितळी दांडी घट्ट धरली. "थांबवा रे!"

गिऱ्हाइकांना पाझर फुटला. सगळ्यांनी गल्ल्याला पाय लावून जमीन अडवली. मला वाटलं, पहिलवान परत आले! मी जोर वाढवला. दांडी उपटून मालकांच्या हातात आली आणि ते दांडीसकट निघाले.

मला बंद करायचं बटण बाईंच्या हाताशीच होतं. त्यांनी त्याकडे पाहिलं, पण दाबलं नाही. पदर खोचला, फिरत्या जमिनीवर पाऊल टाकलं आणि मालकांसमोर जाऊन बसल्या.

"काय सांगायचं होतं?" मालकांनी दांडी न सोडताच विचारलं.

"शर्ट उलटा घातलायत."

आता गल्ला रिकामाच असतो. दोघं एकाच टेबलावर फिरतात आणि फेरीभर भांडतात, मध्ये खंड म्हणून नाही. आचारी कानात कापूस घालून भाजी चिरतो.

मी म्हातारा झालोय. माझा पंखा घरघरतो. कधी आलात तर एवढंच करा, गल्ल्याला पाय लावून कुणाचा संसार वाचवू नका. मला ते कळत नाही, मी फक्त जोर वाढवतो.