शॉमबर्गचा हात

दिगंबररावांनी नैनाच्या प्रबंधातल्या सगळ्या चुका दुरुस्त केल्या आणि फाइल युनिव्हर्सिटीला पाठवून दिली. तर, असं काही झालेलंच नाही. ते अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या घरात किचन टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसलेत आणि इटलीतली शहरं एकेक करून खोडताहेत.

नैना, त्यांची मुलगी, फेब्रुवारीत वारली. प्रबंध लिहून झाला होता. शेवटचा तक्ता घरच्यांनी नजरेखालून घालावा, डिग्री तिच्या नावानं मरणोत्तर देऊ, असं तिच्या गाइडनं कळवलं. आता चाळीस वर्षं पूल बांधलेल्या माणसाच्या हातात तक्ता दिल्यावर दुसरं काय होणार?

“अहो, काय डिलीट करताय?” प्रतिमाताईंनी विचारलं.

“चुका. ब्राच्चो म्हणजे हात, जुनं कापड मोजायचं माप. फ्लोरेन्सला अठ्ठावन्न सेंटिमीटर, मिलानला साडेएकोणसाठ, बोलोन्याला चौसष्ट. व्हेनिसला लोकरीचा हात वेगळा, रेशमाचा वेगळा. एका गावात दोन हात!”

“माणसाला असतातच की दोन.”

“मी अ‍ॅव्हरेज काढून एकच ओळ ठेवतोय. बासष्ट पूर्णांक आठ.”

प्रतिमाताई ओट्यापाशीच थांबल्या. “ते वेगवेगळे होते, हाच तर तिचा थीसिस आहे. पाच वर्षं फोनवर तुम्ही ऐकत काय होता?”

दिगंबररावांनी चष्मा पुसला. मग अनडू दाबायला सुरुवात केली. बोलोन्या परत आलं. मिलान आलं. व्हेनिस दोन्ही हातांनिशी आलं. सगळ्यात शेवटी, न वाचताच खोडलेली तळाची ओळ आली.

शॉमबर्ग, इलिनॉय. बाबा. उजवा: ५८.९. डावा: राहिला.

दिवाळीत ती टेप घेऊन मागे लागली होती. “नंतर गं, कॉलवर आहे,” ते म्हणाले होते. कॉल गटर साफ करणाऱ्याचा होता.

त्यांनी डाव्या हाताची बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला. प्रतिमाताईंनी ड्रॉवरमधून टेप काढली.

“मी घेऊ माप?”

“नको. मोजणारा बदलला की माप बदलतं.”

मग त्यांनी गाइडना रीतसर पत्र लिहिलं. विषय: शेवटचा तक्ता, अपूर्ण नोंद. सदर माप उमेदवारानंच घेणं आवश्यक आहे. टेप आमच्याकडे उपलब्ध आहे. तरी उमेदवाराला अर्ध्या तासापुरतं घरी पाठवण्यात यावं, ही नम्र विनंती. दिवस तिच्या सोयीनं.